रविवारी सकाळी दुकान बंद राहील

मंगळवार, ५ ऑगस्ट

ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे हल्ली साष्टांग कागदावरच जमतो, तो गोड मानून घे.

फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी मी "हिची दाढ काढली" म्हणालो, तर तू "वाढदिवस होता तर आधी सांगायचं नाही का" म्हणून हिला शुभेच्छा दिल्यास. तोंड सुजलेलं असल्यामुळे हिला आभारही मानता आले नाहीत. शिवाय दुकानात फोनवर बोललं की तिन्ही खुर्च्यांमधली गिऱ्हाइकं श्वास रोखून ऐकतात. म्हणून हे पत्र.

तर एक विचारायचं होतं. सहजच. तुझ्या हॉस्पिटलात निम्म्या नर्स ख्रिस्ती होत्या आणि तू त्यांच्याबरोबर चर्चमध्ये जायचीस, हे तू आम्हाला शंभरदा सांगितलं आहेस. तर तिथे नवीन माणूस गेला तर काय होतं? चपला बाहेर काढायच्या का? डोक्यावर रुमाल लागतो का? दारात कोणी नाव-गाव विचारतं का? मधेच उभं करून काही म्हणायला लावतात का? मला शाळेत फळ्यापाशी बोलावलं की काय व्हायचं, ते तुला माहीत आहे. आणि मुख्य म्हणजे, एकदा आत गेलं की मधेच बाहेर पडता येतं का?

पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी दुकान बंद ठेवून जाऊन यावं म्हणतोय. विशेष काही नाही. माणसानं सगळं बघितलं पाहिजे.

तुझा,
गुंड्या

शनिवार, ९ ऑगस्ट

गुंड्या,

अनेक आशीर्वाद.

तुझं "सहजच" वाचलं आणि चहा गार झाला. तू चाळीस वर्षं सलून चालवतो आहेस. रविवार म्हणजे तुझा धंद्याचा दिवस. स्वतःच्या साखरपुड्याला तू दोन दाढ्या उरकून आला होतास आणि गालाला साबण घेऊन अंगठी घातली होतीस. तो माणूस रविवारी दुकान बंद ठेवतो आणि म्हणतो विशेष काही नाही! मी बत्तीस वर्षं पेशंट बघितले आहेत. "काही होत नाही हो" म्हणणाऱ्याला मी आधी झोपवून तपासायची. कुणाचा नाद लागलाय का? वहिनीला माहीत आहे का? खरं लिही.

असो. विचारलंस ते सांगते. चर्चमधलं मला विचारायचं नाही तर कुणाला?

चपला-बूट काढायचे नाहीत. रुमाल नको. कपडे मात्र अगदी उत्तम हवेत, तुझा तो लग्नातला कोट काढ. हातात फुलं ने, रिकाम्या हातानं गेलेलं बरं दिसत नाही. दारात एक माणूस उभा असतो, तो विचारेल, "तुम्ही कोणाकडचे?" त्याला स्पष्ट सांगायचं, मग तो डावीकडे किंवा उजवीकडे बसवेल. चुकीच्या बाजूला बसलास तर लोक बघतात. बाकी सोपं आहे. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. मधेच रडू आलं तर रडायचं, बरेच जण रडतात.

घाबरू नकोस. माणसं चांगली असतात.

तुझी,
ताई

रविवार, १७ ऑगस्ट

ताई,

जाऊन आलो. जिवंत आहे. तुझ्याबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. पुढे लिहितो ते बसून वाच.

कोट घातला. तो पस्तीस वर्षांपूर्वी शिवला होता आणि मधल्या काळात मी दोन्ही बाजूंनी प्रगती केली आहे. वरचं एक बटण लागलं, तेही श्वास सोडल्यावर. फुलांचा गुच्छ घेतला तो एवढा मोठा की समोरचं दिसेना. असा मी दारात पोचलो, तर बाकी सगळे साध्या शर्टांत, एकाच्या हाताला तर सायकलच्या साखळीचं वंगण. दारातल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी हसून हात पुढे केला, "या, या." मी वाट बघत उभा. तेही उभे. मागे माणसं थांबली. शेवटी मीच म्हणालो, "मी पोस्टमास्तरांकडचा." (ते कोण, ते पुढे सांगतो.)

ते म्हणाले, "बरं. कुठेही बसा."

कुठेही! ताई, डावी-उजवी काही नाही. मग त्यांनी गुच्छाकडे बघून हळू आवाजात विचारलं, "ही फुलं कोणासाठी?" मी म्हटलं, "ताईनं... ताईसाठी... म्हणजे ताईमुळे." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, फुलं घेतली आणि पुढे नेऊन टेबलावर ठेवली.

मी शेवटच्या बाकावर बसलो. भिंतीवर लाकडी पाटीत तीन आकडे लावले होते: २१४, ८७, ३०२. मला वाटलं बँकेसारखा नंबर लागत असेल, म्हणून मी शेजारच्या आजींना विचारलं, "माझा कितवा?" त्या म्हणाल्या, "ते गाण्यांचे नंबर आहेत, बाबा." त्यानंतर मी काही विचारलं नाही. फक्त उठलो आणि बसलो. पण एक सांगतो, पुढे बसलेल्यांचं बघून उठायचं तर शेवटचा बाक चांगला. मी पुढच्या माणसाच्या मानेवर नजर ठेवून होतो. एकदा तो पाठ खाजवायला अर्धवट उठला, मी पूर्ण उठलो. सगळ्या चर्चमध्ये एकटा मी उभा.

नेमक्या त्याच वेळी पाळक, म्हणजे तिथले मुख्य, अगदी तरुण माणूस आहे, म्हणाले, "आज पहिल्यांदा आलेले पाहुणे आहेतच उभे. स्वागत! आपली ओळख करून द्याल?" माझ्या तोंडून निघालं, "तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे केस मीच कापतो." लोक हसले. वाईट हसले नाहीत. पन्नासेक डोकी वळली आणि त्यातली वीस तरी माझ्याच हातची होती. मग पाळक गंभीर होऊन म्हणाले, "आजची फुलं या बंधूंनी आपल्या ताईंच्या स्मरणार्थ दिली आहेत. आपण एक क्षण शांत राहू."

ताई, सगळे तुझ्यासाठी शांत राहिले. मीही राहिलो. तेव्हा "ती जिवंत आहे" असं ओरडायचं धाडस कोणाला होतं? आजींनी माझा हात थोपटला. तब्येतीला जप.

नंतर प्रभुभोजन झालं. लोक रांगेनं पुढे जाऊन भाकरीचा तुकडा घेत होते. मी पाय आखडून घेतले, झाडू मारताना गिऱ्हाईक घेतं तसे. आजी म्हणाल्या, "बसून राहिलात तरी चालतं. यावंसं वाटलं तर हात छातीशी घेऊन या, ते नुसता आशीर्वाद देतील." मी बसून राहिलो. कोणी ओढलं नाही, कोणी वाईट वाटून घेतलं नाही. मी मात्र येताना मनात चार प्रकारचे नकार पाठ करून गेलो होतो. एकही वापरायला मिळाला नाही.

आता खरं सांगतो. मी पोस्टमास्तरांना गाठायला गेलो होतो.

ते निवृत्त पोस्टमास्तर, बावीस वर्षं दर दुसऱ्या शनिवारी माझ्या खुर्चीत बसणारे. चर्चच्या गाणाऱ्यांत त्यांचा आवाज मुख्य. केस कापतानाही गुणगुणायचे. जूनमध्ये एका शनिवारी दुकान भरलेलं होतं आणि मला हुक्की आली. मी वस्तरा हातात धरून त्यांची नक्कल केली. डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि जिना चढून धापा टाकणाऱ्या माणसासारखा सूर वर नेला. शेवटी मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं काहीतरी केलं. दुकान हसून लोळलं. मी आरशात बघितलं, तर दारातून एक करडा कोट आणि काळी छत्री परत फिरत होती. चेहरा दिसला नाही. पण चाळीस वर्षं माणसं मागून बघतोय मी, पाठ ओळखायला चुकेन?

त्या दिवसापासून ते आले नाहीत. त्यांच्या घराच्या जिन्यापर्यंत मी दोनदा गेलो आणि परत आलो. घरी गेलो तर त्यांना दार लावता येतं. म्हटलं, चर्चमध्ये कुठे जातील?

आज ते चौथ्या बाकावर होते. गाणाऱ्यांत नव्हते. केस कॉलरखाली उतरले होते. तिन्ही गाणी झाली, त्यांचे ओठ हलले नाहीत. ताई, माझ्या एका माकडचेष्टेनं त्या माणसाचं गाणंच बंद झालं. संपल्यावर ते वळले, माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला. आणि मी, त्यांना गाठायला गेलेला मी, बाजूच्या दारातून पळालो. कोटाचं ते एक बटणही तिथेच कुठेतरी पडलं.

तुझा नालायक,
गुंड्या

शुक्रवार, २२ ऑगस्ट

गुंड्या,

माझ्या मरणाची बातमी पोचली. मी त्या वेळी कपडे वाळत घालत होते. किती जणांनी शांतता पाळली, ते नीट लिहायला हवं होतंस.

आता मलाही एक कबूल करायचं आहे. तू कोटाचं आणि फुलांचं लिहिलंस आणि मला दरदरून घाम फुटला. मी चर्चमध्ये जायची हे खरं, पण आयुष्यात दोनदा गेले. दोन्ही वेळा नर्स मैत्रिणींच्या लग्नाला. तुला सांगितलं ते सगळं लग्नातलं होतं. "कोणाकडचे" म्हणजे मुलीकडचे की मुलाकडचे. रडतात ते मुलीचे आईवडील. साध्या रविवारी तिथे काय चालतं, ते मला ठाऊक नाही. मैत्रिणींनी पुष्कळदा बोलावलं होतं. मी दर वेळी ड्युटीचं कारण सांगितलं. खरं कारण तुझंच, मधेच बाहेर पडता आलं नाही तर काय, ही भीती. आपण एकाच आईची लेकरं.

पण पोस्टमास्तरांबद्दल मला जे कळतं ते सांगते, आणि हे मात्र लग्नातलं नाही. जखम झाकून ठेवली की आत पू होतो. परत जा. साधा शर्ट घाल. फुलं नेऊ नकोस, यावेळी कोणाला मारशील सांगता येत नाही. त्यांच्यासमोर उभा राहा आणि सांग, मी तुमची चेष्टा केली, माझं चुकलं. एवढंच. "पण" म्हणू नकोस. "गंमत म्हणून" असंही म्हणू नकोस. इंजेक्शन हळूहळू दिलं की जास्त दुखतं.

आणि मी जिवंत आहे, हे त्या पाळकांना सांग. फसवून मिळालेली प्रार्थना पचायची नाही मला.

तुझी,
ताई

रविवार, ३१ ऑगस्ट

ताई,

चोवीस तारखेला गेलो नाही. पोट बिघडलं होतं, म्हणजे शनिवारी रात्रीच मी ते बिघडवून घेतलं. आज गेलो. दुकानाच्या दारावर "रविवारी सकाळी दुकान बंद राहील" अशी पाटी लावली. त्यावर कोणीतरी खडूनं लिहून गेलं, "देव तुमचं भलं करो, पण आमच्या दाढीचं काय?"

उपासना संपल्यावर सगळे मागच्या खोलीत चहाला जमतात. स्टीलचं मोठं पिंप, काचेचे पेले, लाकडी खुर्च्या. मला वाटायचं ही माणसं सतत गंभीर असतील. तिथे दोघंजण गळक्या नळावरून भांडत होते आणि पाळक बिस्किटं वाटत होते. आधी त्यांना गाठलं. "ती ताई जिवंत आहे हो," मी म्हणालो. ते बिस्किटांचं ताट धरून एवढे हसले की दोन बिस्किटं खाली पडली. म्हणाले, "मग आपण तिच्या आयुष्यासाठी प्रार्थना केली असं समजू. वाया नाही जाणार."

मग मास्तर. ते आणि त्यांच्या पत्नी, त्यांना सगळे बाई म्हणतात, खिडकीपाशी बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. तू म्हणालीस तसं एका दमात सांगितलं, "मास्तर, जूनमध्ये दुकानात मी तुमच्या गाण्याची नक्कल केली. तुम्ही दारातून परत गेलात. माझं चुकलं."

माझ्या आवाजाला माप नाही, तुला माहीत आहे. पिंपापाशी नळाचं भांडण थांबलं.

मास्तरांनी खिशातून छोटी वही काढली, पेन काढलं आणि त्या टपालातल्या सुरेख अक्षरात लिहून वही माझ्यापुढे धरली: "मी जूनमध्ये आलोच नव्हतो."

मी म्हटलं, "पण करडा कोट... काळी छत्री..."

त्यांनी लिहिलं: "माझी छत्री मे महिन्यातच हरवली."

ताई, मी कुणा भलत्याच माणसाची पाठ बघून अडीच महिने झुरत होतो! चाळीस वर्षांचा माझा तोरा गेला. बरं, ती पाठ कोणाची, हेही अजून कळलेलं नाही.

बाईंनी मग हळूच सांगितलं. मे महिन्यातच त्यांचा आवाज बसायला लागला. तपासण्या झाल्या. स्वरयंत्रावर गाठ आहे. दहा सप्टेंबरला ऑपरेशन. तोवर बोलायचं नाही, गायचं तर नावच नको. "तुमच्याकडे येत नव्हते, कारण तुमच्या खुर्चीत बसलं की बोलावंच लागतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही एकामागून एक विचारत असता."

बघ. मी स्वतःला केवढा मोठा पापी समजत होतो. माझ्या एका नकलेनं माणसाचं गाणं बंद पडतं, एवढी माझी मजल! इथे त्या माणसाच्या गळ्यात गाठ, आणि मी त्याच्या दुःखातही आरशात स्वतःलाच बघत होतो.

मी निघायच्या बेतात होतो. मास्तरांनी बाही धरली आणि लिहिलं: "करून दाखवा."

मी नको नको म्हटलं. त्यांनी त्या शब्दांखाली रेघ मारली. मग दुसरी मारली.

काय करणार? डोळे मिटले. हनुवटी वर केली. आजूबाजूला कोणी आहे हे विसरून गायलो. पहिल्या ओळीला मी चेष्टाच करत होतो. दुसऱ्या ओळीला माझी चेष्टा कुठे गेली कोण जाणे. बावीस वर्षं कानावर पडलेलं ते, आपोआप येत गेलं. शेवटचा सूर संपला आणि डोळे उघडले, तर सगळी खोली माझ्याकडे वळलेली. मला वाटलं, आता इथून हाकलतात.

बाई हसत होत्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "अगदी असंच," त्या म्हणाल्या. "घरात चार महिने झाले ऐकून."

मास्तर मात्र मान हलवत लिहीत होते: "तिसऱ्या ओळीत सूर वर जातो. तुम्ही खाली आणलात."

तुझा,
गुंड्या

शुक्रवार, ५ सप्टेंबर

गुंड्या,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

आता मी बोलते ते नर्स म्हणून, नीट ऐक. ऑपरेशननंतर त्यांना "सगळं ठीक होईल" असं म्हणू नकोस, ते तुला माहीत नाही. प्रश्न विचारू नकोस, कारण उत्तर देता येत नसताना माणूस विचारणाऱ्यावर चिडतो. जाऊन बस. पेपर वाचून दाखव. त्यांची बायको दमली असेल, तिला दोन तास घराबाहेर पाठव. आणि ऑपरेशनच्या आधी त्यांचे केस आणि दाढी नीट करून दे. हॉस्पिटलच्या पलंगावर माणूस आरशात बघतो, तेव्हा तेवढं तरी ओळखीचं दिसायला हवं.

आणखी एक. गेल्या रविवारी मीही गेले. इथल्या चर्चमध्ये, साध्या साडीत. जाऊन शेवटच्या बाकावर बसले. ऐकू तर मला काही आलं नाही, ना प्रवचन ना गाणं. पण गाताना समोरच्या सगळ्यांच्या पाठी एकदम फुगतात आणि एकदम खाली येतात, वॉर्डात रात्री सगळे शांत झोपलेले असताना दिसायचं तसं. बराच वेळ बघत बसले. मग सगळे वळून एकमेकांचे हात हातात घ्यायला लागले. एका माझ्या वयाच्या बाईनं माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "मला ऐकू येत नाही." तिनं परत तेच म्हटलं आणि हात सोडले नाहीत.

ज्या दोघींनी मला बोलावलं होतं, त्यातली एक गेली. दुसरीचा पत्ता शोधते आहे.

तुझी,
ताई

रविवार, २८ सप्टेंबर

ताई,

नऊ तारखेला सकाळी कात्री-वस्तऱ्याची पेटी घेऊन मास्तरांच्या घरी गेलो. खिडकीजवळ खुर्ची ठेवली, गळ्याभोवती कापड बांधलं. चार महिन्यांचे केस. मी एक प्रश्न विचारला नाही. माझ्यासारख्यासाठी तो उपासच होता. हनुवटीखालची दाढी करताना माझा हात थांबला, कारण वस्तरा जिथून न्यायचा होता त्याच्याच खाली दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचं काम होतं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि मान अजून थोडी मागे टाकली. मग मी केली.

ऑपरेशन झालं. गाठ वाईट निघाली, पण डॉक्टर म्हणतात पूर्ण निघाली. आवाज मात्र पूर्वीसारखा येणार नाही, हे त्यांनी स्पष्टच सांगितलं. बाईंना मी रोज दोन तास बाहेर पाठवलं. मी पेपर वाचत होतो. छोट्या जाहिरातीसुद्धा वाचल्या. मास्तर एकदा लिहून म्हणाले, "तुमच्यापेक्षा ऑपरेशन बरं." मी ते तब्येत सुधारल्याचं लक्षण धरलं.

आज ते पहिल्यांदा उपासनेला आले. मी, ही आणि ते दोघं, चौथ्या बाकावर. (हो, हीसुद्धा. "एवढं रविवारी सकाळी असतं तरी काय तिथे, ते बघू दे," म्हणून आली. माझ्यापेक्षा तिला पटकन जमलं.) लोक येऊन मास्तरांचा हात धरत होते. गाणारे पुढे उभे राहिले, तेव्हा मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग बराच वेळ आपल्या बुटांकडे.

गाणं सुरू झालं. नेमकं तेच, तिसऱ्या ओळीचं. मास्तरांनी पुस्तक उघडून माझ्या हातात दिलं आणि कोपरानं ढोसलं. मी हळूच सुरुवात केली. डोळे मिटले नाहीत, हनुवटी वर केली नाही. ताई, साठीला आलो, पण कुणाची नक्कल न करता मी कधी गायलोच नव्हतो. माझा स्वतःचा आवाज कसा आहे हेच मला ठाऊक नव्हतं. तो चांगला नाही. पण आहे बराच. तिसरी ओळ आली, वर गेलो, आणि गेलो तो असा गेलो की पुढच्या बाकावरचं बाळ झोपेतून दचकून रडायला लागलं आणि हिनं दुसरीकडे तोंड फिरवलं.

मास्तरांना आता थोडं बोलायची परवानगी आहे. बाईंनी त्याचे दिवसाला दहा शब्द करून टाकले आहेत, आणि त्या मोजतात. सकाळपासून त्यांनी एकही वापरला नव्हता. ते माझ्या कानाशी वाकले. कागद घासल्यासारखा आवाज आला, पण शब्द नीट ऐकू आला.

"हळू," ते म्हणाले.

मी आवाज खाली आणला. उरलेली दोन कडवी ते माझ्याकडे कान लावून उभे होते.

तुझा,
गुंड्या